निष्ठांचा जमाखर्च : ‘पेपर्स, प्लीज’ या खेळातील राज्य, बंड आणि कुटुंब

डिस्टोपिया, म्हणजे ज्याची भीती बाळगावी असे कल्पित राज्य, हा विषय कादंबरीकडून संगणकीय खेळाकडे आला तेव्हा त्यात एक महत्त्वाचा फरक पडला. कादंबरीत वाचक बहुधा पाळतीखाली जगणाऱ्या माणसाच्या बाजूस असतो. खेळात त्याला पाळत ठेवणाऱ्याच्या खुर्चीत बसविता येते, आणि तेथे बसून काय करावयाचे हे त्यालाच ठरवावे लागते. लुकस पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ या जातीच्या कृतींमध्ये विशेष चर्चिला गेला आहे. त्याविषयीच्या लेखनात एक मत वारंवार आढळते : राज्याशी निष्ठा आणि बंडखोरांशी निष्ठा या दोहोंच्या पेचात सापडलेल्या एका सामान्य कारकुनाच्या सदसद्विवेकबुद्धीची ही कसोटी आहे. हे मत अगदीच निराधार नाही. परंतु ते खेळाच्या कथेवरून बनविलेले आहे. त्याच्या नियमांची त्यात पुरेशी दखल नाही. नियम बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, या दोन निष्ठांचा झगडा तत्त्वांच्या पातळीवर होतच नाही. तो एका हिशेबाच्या वहीत होतो, आणि त्या वहीतून तिसरीच एक रक्कम दोन्ही बाजूंकडून खर्ची पडत असते. ती रक्कम म्हणजे अनोळखी माणसावर दया करण्याची सवड.

पोप हे अमेरिकन खेळकार. ‘नॉटी डॉग’ या नामांकित संस्थेत ‘अनचार्टेड’ मालिकेवर काम केल्यानंतर ते जपानमध्ये राहू लागले आणि स्वतंत्रपणे खेळ रचू लागले. प्रवासात विमानतळांवरील पारपत्र-तपासनीसांचे काम पाहून ही कल्पना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. खेळ ८ ऑगस्ट २०१३ रोजी प्रसिद्ध झाला, आणि पुढील वर्षी त्याला स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे प्रमुख पारितोषिक व ब्रिटिश अकादमीचे ‘बाफ्टा’ पारितोषिक मिळाले. कथेचा काळ १९८२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचा. आर्स्टोत्स्का या कल्पित साम्यवादी राज्याचे शेजारच्या कोलेचियाशी सहा वर्षे चाललेले युद्ध नुकतेच संपले आहे. ग्रेस्टिन हे सीमेवरील शहर भिंतीने दुभंगलेले आहे, आणि त्याच्या पूर्व भागातील नाका पुन्हा उघडतो आहे. १९६१ ते १९८९ या काळातील बर्लिनची आठवण येथे कोणासही होईल. कामगारांच्या सोडतीत निवड झाल्यामुळे नायकाला या नाक्यावर तपासनिसाची नोकरी मिळते. त्याला नाव नाही. पत्नी, मुलगा, सासू आणि एक काका असे त्याचे कुटुंब आहे, आणि खेळणाऱ्याला ते केवळ रात्रीच्या हिशेबाच्या पानावर भेटते.

ते पान हाच या कृतीचा गाभा होय. दिवसाचे काम सकाळी सहा ते सायंकाळी सहा. तपासलेल्या प्रत्येक माणसामागे पाच क्रेडिट मिळतात. मग त्याला आत सोडले असो की परत पाठविले असो. या कमाईतून भाडे, अन्न आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च भागवावयाचा. पैसे कमी पडले की अन्न किंवा ऊब यांपैकी एक सोडावे लागते, आणि पानाच्या कडेला नावांपुढे ‘भुकेला’, ‘थंडीने गारठलेला’, ‘आजारी’ असे शेरे येऊ लागतात. नियमपुस्तक मात्र रोज जाड होत जाते. पहिल्या दिवशी फक्त स्वदेशीयांना आत सोडावयाचे असते. नंतर परदेशीयांसाठी चिठ्ठी, चिठ्ठीच्या जागी परवाना, त्यात कामाचा दाखला, लसीकरणाचे पत्र, बोटांचे ठसे, अशी भर पडत जाते. नियम वाढले की एका माणसामागे लागणारा वेळ वाढतो, वेळ वाढला की माणसे कमी तपासली जातात, आणि माणसे कमी तपासली की घरात चूल पेटत नाही. हे सर्व कोणी बोलून दाखवीत नाही. ते आकड्यांतून कळते. नियमांच्या रचनेतून युक्तिवाद करणे ही खेळ या माध्यमाची खास शक्ती आहे, असे इयन बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ या २००७ मधील ग्रंथात प्रतिपादिले होते. त्या प्रतिपादनाला याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

पण या हिशेबातील सर्वांत मार्मिक कलम दंडाचे आहे. चूक झाली की टेबलावरील यंत्रातून ताकिदीची चिठ्ठी बाहेर येते. दिवसातील पहिल्या दोन ताकिदींना दंड नाही. तिसरीपासून तो सुरू होतो आणि प्रत्येक पुढील चुकीबरोबर वाढत जातो. वरवर पाहता ही नवशिक्याला दिलेली सवलत वाटते. प्रत्यक्षात तिचा उपयोग निराळाच होतो. पाचव्या दिवशी एक प्रवासी येतो. त्याची कागदपत्रे चोख असतात. आपली पत्नी मागोमाग येत आहे, तिच्याशी नीट वागावे, एवढे सांगून तो आत जातो. पत्नीकडे मात्र परवाना नसतो, आणि परत गेल्यास आपला जीव जाईल असे ती सांगते. तिला आत सोडले तर ताकीद मिळते. ती दिवसाची पहिली किंवा दुसरी असेल, तर दयेला काहीच किंमत पडत नाही. तिसरी असेल, तर ती किंमत घरच्या अन्नातून वजा होते. अर्थात, अनवधानाने झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेले सत्कृत्य यांची नोंद एकाच रकान्यात होते. ज्या दिवशी खेळणारा एखाद्या शिक्क्याची तारीख वाचण्यात दोनदा चुकला, त्या दिवशी त्याच्यापाशी दया करण्याइतकी शिल्लक उरत नाही. सद्गुण हा येथे कामातील कौशल्यावर अवलंबून ठेवला आहे : जो तपासनीस कागद निर्दोष तपासतो, म्हणजे राज्याचे काम उत्तम करतो, त्यालाच दिवसातून दोनदा राज्याविरुद्ध वागणे परवडते. हा विचार अस्वस्थ करणारा आहे, आणि कोणत्याही पात्राच्या तोंडी न घालता तो मांडलेला आहे हे विशेष.

दारी लुडूम नावाच्या माणसाचा प्रसंग याचीच दुसरी बाजू दाखवितो. एक तरुणी तपासणीच्या वेळी चिठ्ठी सरकविते : अमुक नावाचा माणूस आपल्याला फसवून नेत आहे, त्याला आत येऊ देऊ नये. तो माणूस येतो तेव्हा त्याच्या कागदांत काहीही खोट नसते. त्याला अडविले तर ताकीद. सोडले तर पुढे वर्तमानपत्रात त्या मुलींच्या मृत्यूची बातमी. पत्नीच्या प्रसंगी नियम कठोर होता. येथे नियम दुष्टाच्या बाजूस गेला आहे, तेही कोणाच्या दुष्ट हेतूवाचून. कागद खरे होते, एवढेच.

याच वहीत आठव्या दिवशी आणखी एक धनको प्रवेश करतो. ‘एझिक’ या गुप्त संघटनेचा बुरखाधारी दूत खिडकीपाशी येऊन उभा राहतो. आर्स्टोत्स्काला भ्रष्ट सत्तेपासून मुक्त करणे हा संघटनेचा घोषित हेतू. तिच्या मागण्या पुढे हळूहळू वाढत जातात : अमुक व्यक्तीला आत सोडावे, तमुकाला अडवावे, आणि मग याहून फार गंभीर अशी कामे. त्यांत एका प्रवाशाच्या पारपत्राला विषारी भुकटी लावण्याचेही काम आहे. नेहमीची समीक्षा येथे थांबून विचारते : तपासनिसाने कोणाचा पक्ष घ्यावा? परंतु हा प्रश्न विचारण्यापूर्वी एझिकची कार्यपद्धती पाहावी. तीही राज्याप्रमाणेच कागद पाठविते. तीही कारणे देत नाही. ज्याला अडवावयाचे त्याने काय केले, ज्याला मारावयाचे तो कोण, हे तपासनिसाला स्वतः पडताळून पाहता येत नाही. नावे जुळवून शिक्का मारणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. मंत्रालयाला जो गुण हवा आहे, म्हणजे प्रश्न न विचारता केलेली अचूक तपासणी, तोच गुण बंडालाही हवा आहे. किंबहुना चांगला नोकर असल्यामुळेच तो बंडाच्या उपयोगी पडतो.

याहून महत्त्वाचे असे की, एझिकची सेवाही त्या दोन ताकिदींतूनच फेडावी लागते. तिच्या माणसाच्या कागदांत दोष असेल आणि त्याला आत सोडले असेल, तर यंत्रातून चिठ्ठी येणार, आणि त्या दिवशी परवाना नसलेल्या पत्नीसारखी कोणी आली तर तिच्यासाठी सवड उरलेली नसणार. क्रांती आणि करुणा या दोन गोष्टी एकाच बाजूच्या आहेत, असे कथांमध्ये सहसा गृहीत धरलेले असते. पोप यांच्या नियमांनी त्यांना एकाच तुटपुंज्या शिलकीवरचे प्रतिस्पर्धी केले आहे. निष्ठांमध्ये तोल राखणे म्हणजे येथे दोन तत्त्वांचा समन्वय साधणे असा अर्थ उरत नाही. आज कोणाचे देणे चुकते करावयाचे आणि कोणाचे उद्यावर ढकलावयाचे, एवढाच तो तोल आहे. कर्ज काढून कर्ज फेडणाऱ्या संसाराला हा हिशेब अपरिचित नाही.

एझिक तपासनिसाला पैसेही देऊ करते, प्रथम एक हजार क्रेडिट. तोवर पाच-पाच क्रेडिटांनी घर चालविलेल्या खेळणाऱ्याला ही रक्कम केवढी मोठी वाटते, हे वेगळे सांगावयास नको. ते पैसे जाळून टाकण्याची सोय खेळाने ठेवली आहे. ते घेऊन बसल्यास शेजाऱ्यांच्या नजरेत नवी संपत्ती भरते आणि त्यांच्या तक्रारीवरून शिल्लक जप्त होऊ शकते. सारा दिवस इतरांचे कागद न्याहाळणाऱ्याचे घर दुसरे कोणी न्याहाळीत होते, ही गोष्ट खेळणाऱ्याला येथे प्रथम ठळकपणे जाणवते.

पाळतीचा विषय या कृतीत एवढ्यावर संपत नाही. कोलेचियन लोकांना विवस्त्र दाखविणाऱ्या छायायंत्रापुढे उभे करण्याचा नियम हल्ल्यांनंतर येतो, हा त्यातील सर्वांत उघड भाग. (डिसेंबर २०१४ मध्ये आयपॅडवरील आवृत्तीतून ही चित्रे वगळण्यास ॲपल कंपनीने भाग पाडले आणि लवकरच तो निर्णय मागे घेतला, नाक्यांवरील कृतीलाच नाक्यावर अडविले गेले, हा योग मजेचा आहे.) परंतु खरा विचार करावयास लावते ते ताकिदीचे यंत्र. प्रवासी खिडकीवरून दूर होताच, काही क्षणांतच ते यंत्र कोणती विसंगती नजरेतून सुटली हे नेमके छापून देते. म्हणजे वरच्या कोणास तरी योग्य उत्तर आधीपासूनच ठाऊक होते. तसे असेल तर मग तपासनिसाची गरज काय? प्रवाशाविषयीचे सत्य राज्याजवळ आहेच. राज्याला जे अद्याप ठाऊक नाही ते तपासनिसाविषयीचे आहे. नाका प्रवाशांसाठी उघडलेला दिसतो, पण परीक्षा चालू असते ती टेबलामागे बसलेल्या माणसाची. खेळाच्या तंत्राची ही निव्वळ सोय आहे, खेळणाऱ्याला चूक कळावी म्हणून ती केली आहे, असा आक्षेप घेता येईल. तो खराही असेल. तथापि तंत्राची सोय आणि कल्पित राज्याचा स्वभाव यांचा असा मेळ बसला असता, त्यातून निघणारा अर्थ केवळ योगायोगाचा म्हणून नाकारण्याचे कारण नाही.

वरिष्ठ अधिकारी दिमित्री भिंतीवरील अनधिकृत वस्तूंवर नजर ठेवून असतो. मुलाने काढलेले चित्र खिडकीमागच्या भिंतीवर लावणे हासुद्धा अपराध ठरतो. हाच दिमित्री आपल्या ओळखीच्या एका स्त्रीला कागद अपुरे असताना आत सोडण्यास सांगतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. माहिती मंत्रालयातील व्होनेल याची भेट याहून भयंकर. तो एझिकविषयी चौकशी करीत येतो. प्रामाणिक नोकर म्हणून त्या संघटनेचे कागद त्याच्या हाती दिले, तर कागद जवळ होते एवढ्यावरूनच तपासनिसाला अटक होते आणि खेळ संपतो. राज्यनिष्ठेचे सर्वांत सरळ कृत्य येथे सर्वांत घातक ठरते. राज्याशी पूर्ण एकनिष्ठ राहणे हा मार्ग सुरक्षित असावा, अशी समजूत करून घेतलेल्या खेळणाऱ्याला हा धक्का पहिल्या खेपेस अनपेक्षित असतो.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ (१९४९) या कादंबरीशी या खेळाची तुलना नेहमी केली जाते, आणि ती बव्हंशी दिशाभूल करणारी आहे. ऑर्वेल यांच्या राज्याला माणसाचे मन हवे आहे. बाह्य आज्ञापालनावर ते समाधान मानीत नाही. आर्स्टोत्स्काला तपासनिसाच्या मनाशी कर्तव्य नाही. तो काय मानतो हे महिनाभरात त्याला क्वचितच कोणी विचारते. निष्ठा ही येथे भावना नसून नोंद आहे. म्हणूनच या पेचाला धर्मसंकट म्हणणेही तितकेसे बरोबर ठरत नाही. धर्मसंकटात दोन्ही बाजूंना धर्म असतो. कोणतीही बाजू सोडली तरी काही पवित्र असे मोडते. तपासनिसाकडे मागणी करणाऱ्या दोन संघटनांपैकी एकीलाही तसा अधिकार खेळाने दिलेला नाही. तो अधिकार आहे तो खिडकीसमोर काही क्षण उभ्या राहणाऱ्या माणसांना आणि घरच्या चार जणांना. आणि त्या दोहोंची गाठ कधीच पडत नाही.

सत्तांतराने हा पेच सुटेल काय, या प्रश्नाचे उत्तर पोप यांनी आधीच देऊन ठेवले होते. २०१२ मध्ये त्यांनी ‘द रिपब्लिया टाइम्स’ नावाचा एक छोटा खेळ केला होता. त्यात खेळणारा सरकारी वृत्तपत्राचा संपादक असतो. कोणती बातमी केवढी छापावयाची हे ठरवून वाचकांची राजनिष्ठा वाढविणे हे त्याचे काम, आणि त्याचे कुटुंब सरकारच्या ताब्यात. मग बंडखोरांचे निरोप येऊ लागतात. बंड यशस्वी झाल्यानंतर देशाचे आणि पत्राचे नाव बदलते. संपादकाचे टेबल तसेच राहते आणि तेच काम नव्या धन्यासाठी पुन्हा सुरू होते. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये एझिक इतकी मंत्रालयासारखी का दिसते, याचा उलगडा या लहानशा कृतीवरून होतो.

एवढे म्हटल्यावर काही दोषही दाखविले पाहिजेत. खेळाला एकूण वीस शेवट आहेत. त्यांपैकी अनेक अटकेचे किंवा मृत्यूचे आहेत आणि ते थोडक्यात आटोपतात, ते योग्यच. पण कोणत्याही मागील दिवसाकडे परत जाऊन तेथून नवी शाखा सुरू करण्याची मुभा दिली असल्यामुळे, पाचव्या दिवशी परत पाठविलेल्या स्त्रीबद्दल वाटलेली खंत सहज पुसता येते. हिशेबाच्या ज्या निर्दयतेवर सारी रचना उभी आहे तिला येथे मागील दाराने रजा मिळते. दुसरी गोष्ट अधिक खटकणारी. राज्याशी एकनिष्ठ राहून अखेरपर्यंत टिकल्यास जो विसावा शेवट मिळतो, त्याबरोबर खेळाचा अंतहीन प्रकार उघडणारा संकेतांक दिला जातो. अर्थात, बक्षीस राज्याच्या बाजूला. नोकरी टिकविण्याचे बक्षीस म्हणजे कधीही न संपणारी नोकरी, असा उपरोध त्यात वाचता येतो. तसा तो अभिप्रेत असेल तर उत्तमच. पण शेवटांची यादी पूर्ण करण्यास निघालेल्या खेळणाऱ्यापर्यंत तो पोहोचत असेल, याबद्दल शंका वाटते.

पहारेकरी सर्जू आणि त्याची कोलेचियन प्रेयसी एलिझा यांचे उपकथानक साधेच आहे. शत्रुदेशाशी लढलेला सैनिक त्याच देशातील स्त्रीची वाट पाहतो, ही योजना थोडी ओळखीची वाटते. त्या मानाने जोर्जी कोस्तावा हे पात्र फार सरस उतरले आहे. हा वृद्ध इसम प्रथम पारपत्रावाचूनच येतो. नंतर एका अस्तित्वात नसलेल्या देशाचे हाताने रंगविलेले पारपत्र घेऊन येतो; पुढे मादक पदार्थांसह सापडतो. नकार मिळाला तरी तो हसत जातो आणि पुन्हा येतो. साऱ्या खेळात नियमपुस्तकाचा धाक नसलेला माणूस हाच. तो कोणत्याही गटाचा नाही, आणि त्याच्यावर रागावणे खेळणाऱ्याला जमत नाही.

रशियातील ‘वॉर्म लॅम्प गेम्स’ या संस्थेचा ‘बिहोल्डर’ (२०१६) हा खेळ याच वाटेने पुढे गेला. त्यात कार्ल श्टाइन हा सरकारने नेमलेला इमारत-व्यवस्थापक भाडेकरूंच्या खोल्यांत छुपे कॅमेरे बसवितो. मंत्रालय, बंडखोर आणि आजारी मुलगी अशा तिहेरी मागण्या त्याच्याही मागे आहेत. पण तेथे प्रत्येक भाडेकरूला नाव, खोली आणि गोष्ट दिलेली आहे, आणि कामे एकामागून एक उरकावयाची असल्यामुळे पेच पुष्कळदा निरोप्याच्या धावपळीत हरवतो. ग्रेस्टिनच्या नाक्यावर माणसाला नावापेक्षा पारपत्र-क्रमांक अधिक आहे. दयेला जागा करावयाची ती त्या तुटपुंज्या क्षणात, आणि रांग मागे वाढत असते.

दोन्ही गटांना नाकारणारा एक तिसरा मार्गही ‘पेपर्स, प्लीज’मध्ये आहे. अखेरच्या दिवसांत कुटुंबासह ओब्रिस्तान या देशात पळून जाता येते. खेळणाऱ्यांमध्ये हा शेवट सुखाचा मानला जातो. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीमागे एक ओब्रिस्तानी पारपत्र लागते, म्हणजे खिडकीवर आलेल्या ओब्रिस्तानी प्रवाशांची पारपत्रे जप्त करून ठेवावी लागतात, आणि त्यांवर नवी नावे चढविण्यासाठी माणसागणिक पैसे मोजावे लागतात. त्या प्रवाशांचे पुढे काय झाले हे खेळ सांगत नाही. पारपत्रे किंवा पैसे पुरेसे जमले नाहीत, तर पत्नी, मुलगा, सासू आणि काका यांतून कोणास बरोबर न्यावयाचे, हे तपासनिसाला त्याच रात्रीच्या पानावर निवडावे लागते.